वच्छलाचा पिवळा शुक्रवार

वच्छलाच्या तेरवीला माझा अंदाज चुकला. आचाऱ्याने विचारलं, "बाबाजी, किती पानं धरू?" मी म्हटलं, दोनशे. चारशेच्या वर माणूस आला. बोरी अरबच्या बाजारातले दुकानवाले आले, तांड्यावरच्या बाया आल्या, एस.टी.चे दोन रिटायर कंडक्टर आले. वरण संपलं, मग भाजी संपली, मग आचारी माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. सुनेने शेजारून बेसन आणून पिठलं टाकलं तेव्हा कुठे मागची पंगत जेवली. आमच्या घरात किती माणूस येणार हे सांगायचं काम माझं कधी नव्हतंच. ज्या बाईचं होतं तिचीच तेरवी होती.

वच्छला माझी बायको. बाजारात तिचं मुंगवड्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर ताडपत्री, एक चूल, एक कढई, एक झारा आणि मी. तीन एकर वावर होतं, त्यात आमचं भागत नव्हतं, म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने कढई मांडली. चाळीस वर्षं मांडली. बोरी अरबचा बाजार दर आठवड्याला, आणि आसपासच्या जत्रा वर्षातून एकेकदा.

मुंगवड्याची गंमत अशी की मुगाची डाळ आदल्या दिवशी भिजवावी लागते. भिजवलेली डाळ पुन्हा डब्यात भरता येत नाही. कमी भिजवली तर दुपारी दोनलाच हात हलवत बसायचं, जास्त भिजवली तर आंबलेलं पीठ गाईपुढे टाकायचं. म्हणून उद्या बाजारात किती माणूस येईल हे वच्छलाला आजच माहीत असावं लागे. "डाळ भिजवली म्हनजे जबान दिली," ती म्हणायची.

आदल्या दिवशी दुपारी ती गावात एक चक्कर मारायची. चक्कीवर कोणाचं दळण आलं, कोणाच्या घरी पाहुणे उतरले, कोणाच्या वावरात निंदण चालू आहे. ढेकूळ हातात घेऊन दाबून पाहायची. रात्री पाऊस येऊन सकाळी ऊन पडणार असेल तर बाया निंदायला जातील, चारच्या आधी बाजारात कोणी फिरकणार नाही. पाऊस लागूनच राहिला तर वावरात पाय घालता येत नाही, मग दहालाच बाजार भरतो. तांड्यावरच्या बाया तिला याडी म्हणायच्या, म्हणजे आई. त्यांच्याकडे लग्न निघालं की तिला आधी कळे. घरी आली की हात धुऊन डाळीच्या डब्यात माप बुडवायची, आणि मोजताना मी बोललेलं तिला चालत नसे.

मी एकदा म्हटलं, "अवं, मलेही समजते थोडंफार."

"तुमाले गर्दी तवा समजते, जवा ती तुमच्या पायावर पाय देते."

पायांचं ती उगाच बोलत नव्हती. चुलीपाशी खाली बसलेल्या बाईला माणसं दिसत नाहीत, पाय दिसतात. ती माणसं पायांवरून ओळखायची. काळ्या मातीचा चिखल वाळलेला पाय, शाळेच्या बुटातला पाय, नव्या नवरीचा जोडव्याचा पाय. कढईतून डोकं वर न काढता म्हणायची, "या पाटील, बसा," आणि वर पाहावं तर खरंच पाटील उभे असत.

आता माझं काम सांगतो. पाणी आणणं, लाकडं सारणं, भांडी घासणं, हे तर होतंच. पण खरं काम वेगळं होतं. पहिला घाणा निघाला की ती चार वडे कागदावर ठेवून माझ्या हातात द्यायची. "तुमी समोर उभे राहा आन् खा. पोट भरलेल्यावानी नका खाऊ." रिकाम्या दुकानापुढे कोणी थांबत नाही, एक जण खाताना दिसला की दुसरा थांबतो. मी तो पहिला एक. चार-पाच जण जमले की ती झारा डावीकडे हलवायची. म्हणजे बाजूला व्हा, जागा अडवू नका. मग मी मागून जाऊन पुन्हा भांडी घासायला लागायचो. चाळीस वर्षं मी असा रांगेत पहिला उभा राहिलो आणि गर्दी जमली की निघून गेलो.

आणि तिची हाक. सकाळी आठ वाजता, पहिलाच घाणा तेलात असताना, ती ओरडायची, "शेवटचा घाना हाये वो! मंग नोका म्हनू!"

बाजूचा बांगड्यावाला हसून म्हणायचा, "वच्छलाबाई, चूल आता पेटली नं, शेवटचा कसा?"

"तू बांगड्या भर. तुले कायले पाह्यजे?"

एका पोळ्याच्या आधीचा बाजार मला आठवतो. तीन दिवस पाण्याची झड लागली होती. नाल्याला पूर आहे, बाजार भरत नाही, असं सगळ्या दुकानवाल्यांनी एकमेकांना सांगितलं. वच्छलाने रोजच्यापेक्षा दीडपट डाळ भिजवली. मी भांडलो. ती म्हणाली, "साऱ्यायनं ठरवलं का बाजार भरत नाही. म्हनजे उद्या दुकानं येत नाहीत. पन बैलाले साज लागते का नाही? लोक तं येतीन नं." दुसऱ्या दिवशी अख्ख्या मैदानात आमची एक ताडपत्री आणि गोंडे-झुलीवाला एक म्हातारा. माणसं गुडघाभर पाणी तुडवत आली आणि खायला दुसरं काही नव्हतं. बारा वाजता कढई रिकामी. तिने मला डोळ्याने नुसतं डिवचलं.

चुकायचीही. एकदा मोठी सभा होती, ती ऐनवेळी रद्द झाली आणि पीठ उरलं. तिने सडकेकडे पाहिलं. पंक्चर झालेली एस.टी. उभी होती. तिने मला कढई उचलायला लावली, आम्ही बसपाशी जाऊन चूल मांडली. "गर्दी आली नाही तं आपुन जावं तिच्याकडे. तिले काय शरम हाये का आपल्याले?" ते दोन कंडक्टर तेव्हापासूनचे.

एक गोष्ट मात्र राहिली होती. जत्रेत आमचं दुकान नेहमी आकाशपाळण्यासमोर असे, कारण गर्दी तिथे जास्त. समोर मोठा पाळणा फिरतो आहे, बाया किंचाळताहेत, आणि ही तेलात पाहते आहे. दर वर्षी मी म्हणायचो, "जाय ना, बस एकडाव." ती म्हणायची, "गर्दी हाये तोवर कढई सोडता येते का?" आणि गर्दी ओसरून कढई उतरवावी, तर पाळणेवाले तोपर्यंत नट-बोल्ट खोलत असायचे. चाळीस जत्रा अशाच गेल्या. तिने कधी कुरकुर केली नाही, पण चालू पाळण्यापेक्षा खोलत असलेल्या पाळण्याकडे ती जास्त वेळ पाहायची.

मग गुडघे गेले. यवतमाळच्या डॉक्टरने सांगितलं, पंधरा मिनिटांच्या वर उभं राहायचं नाही. कढई माळ्यावर गेली.

गेल्या भादव्यात आमचा राजू महालक्ष्म्यांना घरी आला. महालक्ष्म्या म्हणजे गौरी, आमच्याकडे त्यांचा थाट दिवाळीपेक्षा मोठा. राजू एकुलता एक, पुण्याला कंपनीत असतो. सोबत सून स्वाती, ती तिकडचीच, आणि नात मिनू, नऊ वर्षांची. मिनूने येतानाच ठरवलं होतं की नागपूरकडच्या त्या झुल्यांच्या पार्कात जायचं. तिने आजीला फोनमध्ये फोटो दाखवले. घसरगुंड्या, पाण्याचे धबधबे, आणि एक पाळणा, जत्रेतल्या पाळण्याच्या दुप्पट.

वच्छलाने तो फोटो दोनदा मागून पाहिला. मग मिनूला म्हणाली, "याच्यात आपुन दोघी बसू."

राजू जेवत होता. हात थांबला त्याचा. "आई, तू नको येऊ नं. तिथं एकेका झुल्याले तास-तास रांग राह्यते. तुह्यानं उभं राहावत नाही."

तिने त्याच्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाली, "रांग नसन तं?"

राजूने फोन काढला. "हे पाह्य. पूर्ण महिना हाये. हिरवा दिवस म्हनजे गर्दी नाही, पिवळा म्हनजे मधली, लाल म्हनजे तोबा."

"कोन रंगवते हे?"

"कॉम्प्युटर रंगवते. मागच्या वर्षी कवा किती लोक आले, सुट्टी कवा हाये, पाऊस कवा हाये, सारं पाहून सांगते."

"म्हनजे माह्यावानीच करते," ती म्हणाली, आणि मला वाटलं फोन पसंत पडला. पण चष्मा लावून तिने तो तक्ता बाजारातली भाजी निवडावी तसा निवडला. "सोमवार हिरवा दिसते."

"हो नं. मंग सोमवारीच जाऊ. मंगळवारी मी पुन्याले निघतो."

"हा फोन साऱ्यायपाशीच हाये का?"

"हो."

"साऱ्यायले सोमवार हिरवाच दिसते?"

"हो आई."

"मंग सारे सोमवारीच येतीन. तुह्या कॉम्प्युटरनं हे धरलं का?"

राजू इंजिनेर आहे. त्याने तो तक्ता पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिला. स्वाती फिस्सकन हसली.

"शुक्रवारी जाऊ," वच्छला म्हणाली.

"शुक्रवार पिवळा हाये. साऱ्यायले सुट्ट्या हायेत, आई."

"महालक्ष्म्या कवा उठतात? गुरुवारी. तीन दिवस बाई सोळा भाज्या करते, पुरनाच्या पोळ्या लाटते, पंगती उठवते. गुरुवारी लक्षुम्या बोळवल्या का शुक्रवारी बाईचं अंग उठत नाही. आर्नीची बाई असो का नागपूरची, कंबर सारखीच हाये. आन् बाई उठत नाही तोवर घर कुठी जात नाही. शुक्रवारी साऱ्या घरी उरलेल्या पोळ्या खाऊन लोक झोपतीन."

"पण आई," स्वाती म्हणाली, "माझंही अंग दुखणारच ना शुक्रवारी!"

"तू गाडीत झोपजो. मागच्या सीटवर. मी पुढं बसतो."

मिनूने आजीची बाजू घेतली आणि शुक्रवार ठरला. त्या चार दिवसांत वच्छला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून स्वातीला सांगत होती आणि अधूनमधून खिडकीतून आभाळ पाहत होती. राजू मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबा, गर्दी निघाली तं आईले गाडीतच बसून राहा लागन दिवसभर. तुमी समजवा नं तिले." मी म्हटलं, चाळीस वर्षांत नाही समजावली, आता काय समजावू. पण मलाही भीती होती. ती चुकली असती तर पुन्हा कोणी तिला कुठे नेलं नसतं, आणि तिला ते ठाऊक होतं.

शुक्रवारी पहाटे निघालो. स्वाती खरंच झोपली, वर्धेपर्यंत उठली नाही. पार्कापाशी पोचलो तर गाड्या लावायच्या एवढ्या मोठ्या मैदानात मोजून नऊ गाड्या. तिकिटाच्या सहा खिडक्या, उघडी एक. आतला माणूस जांभई देत होता. वच्छलाने राजूला विचारलं, "हिरवा का पिवळा?"

"आई, हात जोडतो तुले," राजू म्हणाला. चेहरा मात्र फुलला होता त्याचा.

कुठेच रांग नव्हती. मिनू एकेक घसरगुंडी तीन-तीनदा घसरली. वच्छला सावलीला बाकड्यावर बसून पाहत होती. आभाळ होतं पण पाऊस नव्हता. अकराच्या सुमारास ती उठली, माझा हात धरला आणि म्हणाली, "चाला आता पाळन्याकडे."

पाळणा उभा होता. फिरत नव्हता. खाली चाळिशीतला एक माणूस खुर्चीवर बसून शेंगदाणे खात होता.

"चालू करा भाऊ," राजू म्हणाला.

"नाही होत साहेब. कमीत कमी सोळा लोक पाह्यजे. वजन चारही बाजूनं सारखं पडलं नाही तं मशीन धरत नाही. आज पब्लिकच नाही."

"मी सोळा तिकिटं काढतो."

"तिकिट नाही बसत साहेब त्यात. मानूस बसते."

मी वच्छलाकडे पाहिलं. आयुष्यात तिने एवढा बरोबर अंदाज कधी बांधला नव्हता, आणि त्याच अंदाजाने पाळणा थांबवला होता. जन्मभर गर्दी मागितली. एकदाच नको म्हटली, तर हे असं. ती पाळण्यासमोरच्या ओट्यावर टेकली. मिनू म्हणाली, "आजी, जाऊ दे ना, आपण दुसऱ्यात बसू." वच्छला तिच्याकडे पाहून हसली, पण ते पोरीसाठी केलेलं हसू होतं.

मग तिची नजर फिरायला लागली. मी ती नजर ओळखतो. आदल्या दिवशीच्या चकरेची नजर. झाडाखाली एक जोडपं डबा खात होतं. लेकरं घेऊन दोन भाऊ, त्यांच्या बायका. कॉलेजची चार पोरं सेल्फी काढत होती. झाडू घेतलेल्या दोन बाया. सगळे विखुरलेले, कोणी कोणाकडे पाहत नव्हतं.

"अवो," ती मला म्हणाली, "तुमी तिथं दांडीपाशी उभे राहा."

"कायले?"

"उभे राहा म्हटलं तं."

मी जाऊन रांगेच्या लोखंडी दांडीपाशी उभा राहिलो. एकटाच, रिकाम्या पाळण्यापुढे, हातात पाण्याची बाटली. ती ओट्यावर नीट बसली, पदर खोचला, आणि चाळीस वर्षांची ती हाक दिली.

"शेवटचा फेरा हाये वो! मंग नोका म्हनू!"

खुर्चीवरच्या माणसाच्या हातातले शेंगदाणे सांडले. "आजी, पहिलाच फेरा नाही झाला आज!"

"तुमी मशीन पाहा. हे माह्यं काम हाये." आणि पुन्हा, "शेवटचा फेरा वो! या लवकर!"

कॉलेजच्या पोरांनी वळून पाहिलं. एक म्हणाला, "काय, बंद करून राह्यले का?" आणि ती चौघं पळत आली, माझ्या मागे उभी राहिली. पाच जण उभे दिसले तसे ते दोन भाऊ लेकरांना ओढत आले. डबा खाणाऱ्या जोडप्याने डबा तसाच बंद केला. वच्छला झाडूवाल्या बायांना म्हणाली, "या वो माय, तुमी कवा बसल्या का याच्यात?" त्या एकमेकींकडे पाहून लाजल्या. "रोज झाडतो मावशी याच्याखाली. बसलो नाही कवा." पाळणेवाला म्हणाला, "जा, बसा, वजनाले पाह्यजेच हाये." त्यांनी झाडू भिंतीला टेकवले.

तेरा झाले, चौदा झाले. राजू, स्वाती, मिनू आणि ती धरून पुरते झाले, वर एकदोन जास्तच. पाळणेवाला माणसं वाटून बसवायला लागला. माझ्यापुढे दार उघडलं, आणि मी बाजूला झालो. कोणी सांगितलं नाही मला. गर्दी जमली की मी बाजूला होतो, पाय आपोआप वळले. मागचा पोरगा आत गेला. राजूने हात धरून आईला बसवलं, मिनू तिच्या शेजारी. चपला वर राहणार नाहीत म्हणून तिने त्या काढून माझ्या हातात दिल्या. दार लागल्यावर तिच्या लक्षात आलं.

"अवो! तुमी काहून खाली?"

पाळणा हलला.

पौषात ती गेली. सकाळी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, बसल्याजागी भिंतीला टेकली, बस. कोणाला त्रास नाही. ते मी पाहिलं, पण तिची आठवण काढली की मला ते दिसत नाही. मला पाळणा दिसतो. तो एकदा वर गेला आणि बरोबर वच्छला टोकाला असताना दोन मिनिटं थांबला. तिचा पदर उडत होता. मिनू दूर कुठेतरी बोट दाखवत होती, वच्छला मात्र खाली पाहत होती. मग तिने हात केला. झारा हलवायची तसाच हात, पण यावेळी डावीकडे नाही, स्वतःकडे. या म्हणून. मी खाली तिच्या चपला धरून उभा, वर कसा जाणार? मीही चपलांसकट हात हलवला. लोक हसले असतील.

उतरली तेव्हा गाल लाल झाले होते. झाडूवाल्या बाया तिच्या पाया पडल्या. मी चिडवायला म्हणून विचारलं, "कायवं, वरून मोजली का गर्दी?"

"वरून कोनाचे पाय दिसत नाहीत," ती म्हणाली. "नाही मोजली. तुमीच तेवढे दिसत होते, वेड्यावानी चपला हलवत."

मग ओट्यावर बसली आणि पाय पुढे केले.

"द्या इकडे त्या."